खाल्ल्या मिठाला जागणारी किडनी

"भरपूर पाणी प्या, जास्तीचं मीठ निघून जातं." लोणच्याची दुसरी फोड वाढताना हे वाक्य आपल्याकडे हमखास ऐकू येतं. यात अर्धं सत्य आहे, आणि माझ्या मते ते अर्धं सत्यच जास्त घातक आहे.

आधी खरं अर्धं. आपल्या दोन किडन्या मिळून दिवसाला साधारण १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात. त्यातल्या सोडियमचा मिठाच्या भाषेत हिशोब केला तर होतं जवळजवळ दीड किलो! त्यातलं ९९ टक्क्यांहून जास्त किडनीच्या नलिका परत रक्तात घेतात. दोन तृतीयांश सुरुवातीच्या भागात, पाव भाग पुढच्या 'हेन्लेच्या पाशात'. उरलेल्या थोडक्यावर खरी घासाघीस शेवटच्या टप्प्यात होते. काय ठेवायचं आणि काय सोडायचं, ते तिथे ठरतं.

ठरवणारे असतात हार्मोन्स. शरीरात मीठ-पाणी कमी पडलं की किडनी रेनिन सोडते, त्यातून अँजिओटेन्सिन तयार होतं, मग अल्डोस्टेरॉन येतं आणि नलिकांना सांगतं, "सोडियम वाचवा." उलट रक्ताचं आकारमान वाढलं की चक्क हृदय निरोप पाठवतं, "सोडा आता." हृदयाच्या वरच्या कप्प्यांत असा पदार्थ असतो हे १९८१ मध्ये कॅनडात अडोल्फो द बोल्ड यांनी दाखवलं. तोवर आपण हृदयाला नुसता पंप समजत होतो!

आता उरलेलं अर्धं. ही यंत्रणा घडली ती मिठाच्या टंचाईत. ब्राझील-व्हेनेझुएलाच्या जंगलातले यानोमामी लोक वरून मीठ घालतच नाहीत. १९८८ च्या इंटरसॉल्ट अभ्यासात त्यांच्या लघवीत सोडियम जवळपास नव्हतंच, आणि वयाबरोबर त्यांचा रक्तदाबही वाढत नव्हता. वाचवणं हे किडनीचं मूळ काम. आपण मात्र तिला रोज उधळायला लावतो.

आणि ती उधळतेही, बिचारी! पण त्याला दोन-तीन दिवस लागतात. तोवर मीठ पाणी धरून ठेवतं आणि रक्ताचं आकारमान वाढतं. ज्यांच्या किडन्या मीठ सहज सोडत नाहीत, त्यांच्यात रक्तदाब वाढतो, आणि त्या वाढलेल्या दाबाच्या जोरावर मीठ बाहेर पडतं. अमेरिकेतल्या आर्थर गायटन यांनी ही गोष्ट लावून धरली होती. म्हणजे जमाखर्च जुळतो, पण व्याज रक्तवाहिन्या भरतात. काही वर्षांनी किडनीच्याच बारीक वाहिन्या त्या दाबाने खराब होतात. तक्रार काहीच नसते, म्हणून कळतही नाही.

आणि पाणी? त्याचा हिशोब किडनी वेगळ्या हार्मोनने ठेवते. जास्त प्यालेलं पाणी मुख्यतः पाणी म्हणूनच बाहेर जातं, जाताना लोणच्याचं मीठ सोबत नेत नाही.

तर माझं म्हणणं असं, की "किडनी बघून घेईल" हे म्हणणं आता सोडून द्यावं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट एक चमचा, आणि त्यात पापड, फरसाण, लोणचं सगळं आलं. उपवासाचं शेंदेलोणही यातून सुटत नाही, तेही बहुतांशी सोडियम क्लोराईडच. बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं, त्यात पोटॅशियम असतं. २०२१ मध्ये चीनमधल्या मोठ्या अभ्यासात त्याने पक्षाघात कमी झालेले दिसले. पण ज्यांची किडनी आधीच अधू आहे किंवा ज्यांना रक्तदाबाची काही विशिष्ट औषधं चालू आहेत, त्यांच्या रक्तात पोटॅशियम साठून हृदयाला धोका होऊ शकतो. तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरातल्या आजी-आजोबांच्या डब्यात ते भरू नका.

असो. आळणी जेवा असं मी म्हणत नाहीये (आमच्याकडे बंड होईल!). पण पानात वरून मीठ वाढायची पद्धत आपण सोडू शकतो. माणसं खाल्ल्या मिठाला जागतील न जागतील, किडनी मात्र कणाकणाला जागते. तिचा इतका अंत पाहू नये, एवढंच.

तुमच्याकडे पानात मीठ अजून वाढतात का?