राजापूरची आडवी वाट

मराठी साहित्यातले कोकण नेहमी उभे असते. वर मुंबई, खाली गाव. मध्ये पूर्वी आगबोट, मग एस. टी., १९९८ नंतर कोकण रेल्वे. चाकरमानी येतो, फणसाखाली हळवा होतो आणि परत जातो. या नकाशावर आमचा आक्षेप आहे.

राजापूर मोठे झाले ते आडव्या वाटेवर. जैतापूरच्या खाडीतून अर्जुनेच्या काठी, तेथून पेठेत आणि पुढे बैलांच्या पाठीवरून अणुस्कुऱ्याच्या घाटाने देशावर. समुद्र आणि आदिलशाही मुलूख यांच्या वेशीवरचे हे बंदर. सतराव्या शतकाच्या मध्यास इंग्रजांनी येथे वखार घातली, ती घाटावरून उतरणाऱ्या मिऱ्यांवर आणि कापडावर डोळा ठेवूनच. १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरला दारूगोळा पुरवायला वखारवाले घाट चढून गेले. १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी राजापूर घेऊन त्यांना कैदेत टाकले.

हे आपण प्रामुख्याने वाचतो ते वखारवाल्यांच्या पत्रांतून. व्यापाऱ्याच्या नजरेला बैल भाड्यापुरता दिसतो आणि तांडेल खोळंब्यापुरता. त्या बैलामागे चालणाऱ्याचा दिवस कसा उगवे आणि मावळे, हे त्या पत्रांना विचारून उपयोग नाही. ते शोधायचे तर जकातीच्या याद्या, हिशेब, महजर आणि घरगुती पत्रे चाळायला हवीत. आणि ती मोडीत आहेत.

‘ते इतिहासवाल्यांचे काम,’ असे आमचे सहकारी म्हणतात. मग सभासदाची बखर आपण मराठीच्या वर्गात कोणत्या अधिकाराने शिकवतो? पराक्रम सांगणारे ते गद्य, आणि मिठाच्या गोण्या मोजणारे ते रद्दी, हा निवाडा वाङ्मयीन नाही, केवळ सोयीचा आहे. १८९८ मध्ये साधनांचा पहिला खंड काढणाऱ्या राजवाड्यांच्या लेखी भाषेचा अभ्यास आणि जुने कागद ही वेगळी खाती नव्हती. ती आपण केली.

जुने घर विकले जाते तेव्हा माळ्यावरचे रुमाल आधी बाहेर पडतात. वाचणारा कोणी नसेल तर ते बंबात जातात. मराठीच्या प्रत्येक विभागाने दर वर्षी एका विद्यार्थ्याला एक मोडी कागद वाचायला शिकवावे, एवढीच आमची मागणी आहे. तेवढेही जमणार नसेल, तर कोकणाच्या मातीवरचे आपले प्रेम निदान वर्गात तरी मिरवू नये.