बाटली ओतू नका!

प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये आपण काय काय थापा मारतो हे आपल्यालाही माहीत असतं आणि गाईडनाही. त्यावर लेख लिहायचं काही कारण नव्हतं. पण आमच्या ग्रुपने मारलेली एक थाप कॉलेजच्या पर्यावरण अहवालाच्या फाईलमध्ये जाऊन बसली आहे. गंमत म्हणजे ती थाप होती हे आम्हालाच तीन महिन्यांनी कळलं! म्हणून हा कबुलीजबाब.

झालं असं, की शेवटच्या वर्षाला आम्ही चौघांनी विषय घेतला 'डायटमवरून हॉस्टेलमागच्या तळ्याच्या पाण्याची प्रत'. खरं कारण सांगतो. लॅबचा इन्क्युबेटर बंद होता, त्यामुळे बीओडी काढता येत नव्हता, आणि डायटमचं काम सोपं वाटलं. जुन्या टूथब्रशने दगडावरचा बुळबुळीत थर खरवडायचा (हसू नका, पद्धत खरंच हीच आहे), मायक्रोस्कोपखाली बघायचं, चित्रं जुळवून नावं लिहायची. मग नावं आणि आकडे युरोपात तयार झालेल्या एका सॉफ्टवेअरमध्ये टाकले की पाण्याला मार्क मिळतात. चित्रं जुळवायला मध्य युरोपातल्या डायटमवरच्या जाडजूड जर्मन ग्रंथाची पीडीएफ सापडली. जर्मन कोणालाच येत नव्हतं, पण चित्रांना भाषा कशाला? दोन रात्रींत अठ्ठावीस नावं झाली. निकाल आला 'मध्यम प्रदूषित'. एक्स्टर्नल खूष, बाइंडिंग झालं, पार्टी झाली.

दिवाळीनंतर आमच्या रूममेटची ताई लाडू घेऊन हॉस्टेलवर आली. ती डायटमवरच पीएच.डी. करते. आम्ही मोठ्या ऐटीत रिपोर्ट पुढे ठेवला. तिने टेबल बघितलं आणि विचारलं,

"स्लाईड्स कुठे आहेत रे?"

स्लाईड्स? धुऊन लॅब असिस्टंटकाकांना परत केल्या होत्या.

"बरं, सँपल?"

सँपल बेसिनमध्ये ओतलं होतं.

"मग तुम्ही लिहिलंय ते बरोबर की चूक, हे आता कोण सांगणार?"

चौघेही लाडवाकडे बघत बसलो. पुढचे दोन तास ताईने आमची जी काही ओरल घेतली, त्यातूनच हा लेख निघाला आहे.

डायटम म्हणजे एका पेशीचं शैवाल. मराठीत त्याला 'करंडक वनस्पती' म्हणतात, आणि हे नाव ज्याने कोणी काढलं त्याला आपला सलाम. कुंकवाचा करंडा आठवा. खाली डबी, वर किंचित मोठं झाकण. अगदी तस्संच, फक्त सिलिकाचं, आणि बहुतेक वेळा मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही लहान. या दोन अर्ध्यांना इंग्रजीत व्हॉल्व्ह म्हणतात (मेकॅनिकलवाल्यांनी उगाच खूष होऊ नये). त्यांच्यावर इतक्या बारीक आणि नेमक्या रेघा असतात, की मायक्रोस्कोपची लेन्स किती चांगली आहे हे तपासायला पूर्वीपासून डायटमच्या स्लाईड्स वापरत आले आहेत. पृथ्वीवरच्या प्रकाशसंश्लेषणाचा जवळपास पाचवा हिस्सा हे करंडे करतात. नोबेलने १८६७ साली डायनामाइटचं पेटंट घेतलं, त्यात नायट्रोग्लिसरीन शोषून घ्यायला वापरलेली मातीसुद्धा यांच्याच सांगाड्यांची होती.

खरी मेख पुढे आहे. पेशी दुभंगते तेव्हा एका पिल्लाला झाकण मिळतं, दुसऱ्याला डबी. पण दोघंही आपल्या वाट्याला आलेला भाग झाकण धरतात आणि आतून नवी डबी बनवतात. म्हणजे ज्याला डबी मिळाली तो आईपेक्षा जरासा लहान. असं पिढ्यान्‌पिढ्या चालतं आणि सरासरी आकार घटत जातो. मग कधीतरी लैंगिक पुनरुत्पादन होतं, ऑक्झोस्पोअर नावाची अवस्था येते आणि स्वारी पुन्हा पूर्ण मापाची! मॅकडोनाल्ड आणि फित्झर यांनी १८६९ च्या सुमारास हे सांगून ठेवलंय. लहान होताना लांबी जास्त घटते आणि रुंदी कमी, त्यामुळे आकारही बदलतो. मोठा असताना सडपातळ आणि टोकदार, लहान झाल्यावर गोटीसारखा. आमच्या टेबलमधली सात आणि अकरा नंबरची नावं ताईच्या मते बहुधा एकाच प्रजातीचे सीनियर आणि ज्युनियर असावेत.

म्हणजे एका फोटोवरून नाव ठरत नाही. मग एखाद्या तळ्यातली प्रजाती 'नवी' आहे असं म्हणायला काय काय करावं लागत असेल? आम्हाला वाटायचं, वेगळं काही दिसलं की आपल्या मैत्रिणीचं नाव द्यायचं आणि पेपरात फोटो छापून आणायचा. तसं नसतं.

आधी सँपल अॅसिडमध्ये उकळून आतला सगळा जीवद्रव्याचा भाग जाळतात, उरतो नुसता सिलिका. मग अॅसिडचा अंश जाईपर्यंत पुन:पुन्हा धुणं, तेही सांगाडे न सांडता. मग स्लाईड. इथे फिजिक्स आडवं येतं. डायटमच्या सिलिकाचा अपवर्तनांक सुमारे १.४३ आणि काचेचा १.५ च्या आसपास, त्यामुळे साध्या माध्यमात तो दिसता दिसत नाही. म्हणून सुमारे १.७ अपवर्तनांकाचं नॅफ्रॅक्ससारखं राळेचं माध्यम लागतं. मग ऑइल इमर्शनखाली एकेक करंडा मोजायचा: लांबी, रुंदी, १० मायक्रॉनमध्ये किती रेघा. मोठ्यापासून लहानापर्यंत सगळी मालिका हवी, एकदोन नग चालत नाहीत. साध्या मायक्रोस्कोपची मर्यादा साधारण ०.२ मायक्रॉन, त्याच्या पलीकडची छिद्रं बघायला स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप. आणि हे सगळं झालं, की जगात आजवर या गटातलं जे जे कोणी वर्णन करून ठेवलंय त्याच्याशी तुलना, मग ते शंभर वर्षांपूर्वीचं फ्रेंचमधलं का असेना.

शेवटची अट मला सगळ्यात आवडली. नामकरणाचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. १९५८ पासून नव्या नावाबरोबर 'टाइप' म्हणजे मूळ नमुना ठरवून देणं सक्तीचं आहे. (तेव्हापासून २०११ संपेपर्यंत शैवालाचं वर्णन लॅटिनमध्येही द्यावं लागायचं. आता इंग्रजी चालतं. आपली सुटका!) हा नमुना बहुधा एक स्लाईड असते. तिच्यावर नेमका तो करंडा खूण करून दाखवलेला असतो आणि ती स्लाईड एखाद्या संग्रहालयात जमा असते. २०१९ पर्यंत किलोग्रॅम पॅरिसजवळ ठेवलेल्या ठोकळ्यावरून ठरायचा ना, त्यातलाच प्रकार समजा. उद्या कोणालाही शंका आली तर त्याने जावं, स्लाईड काढावी आणि म्हणावं, 'तुमचं चुकलंय'. आपल्याला चूक ठरवण्याची सोय आपणच करून द्यायची! आमच्या रिपोर्टमध्ये नेमकं हेच नव्हतं, आणि खरं सांगा, आपल्यापैकी किती जणांच्या रिपोर्टमध्ये असतं?

यावर ग्रुपमधल्या एकाचा आक्षेप होता, आणि तो इथल्या पुष्कळांचा असेल: "एवढी उस्तवार करून मिळालं काय? एक नाव! नाव नसतं तर तो डायटम काय मेला असता?" ताईने त्याला अमेरिकेतल्या यलोस्टोन तळ्याची गोष्ट सांगितली. तिथे पाण्यावर तरंगणारा एक चकतीसारखा डायटम आहे. तो उत्तर अमेरिकेत इतरत्र आढळणाऱ्या स्टेफानोडिस्कस नायागारीसारखाच दिसतो. 'तोच तो' म्हणून सोडून देणं सहज शक्य होतं. पण थेरियट आणि स्टोर्मर यांनी चकतीवरच्या फासळ्या आणि काटे मोजले आणि १९८४ मध्ये ती वेगळी प्रजाती म्हणून मांडली: स्टेफानोडिस्कस यलोस्टोनेन्सिस. ती फक्त त्या तळ्यातच सापडते. पुढे तळाच्या गाळाचा उभा गाभा काढून थरामागून थर तीच मापं घेतली गेली. २००६ मध्ये छापून आलेला निष्कर्ष असा: सुमारे १४,००० वर्षांपूर्वीच्या थरात नायागारीसारखे डायटम होते, आणि ते बदलत बदलत सुमारे १०,००० वर्षांपूर्वीपर्यंत आजच्या रूपाला आले. हिमयुगाचा बर्फ हटल्यानंतरच्या त्याच तळ्यात एक प्रजाती घडताना गाळात नोंदली गेली आहे! १९८४ साली कोणी काटे मोजलेच नसते, तर गाळात काय शोधायचं हेच कळलं नसतं.

आपल्याकडेही असं काम झालेलं आहे, फक्त आपल्याला पत्ता नाही. १९५० च्या दशकात एच. पी. गांधी नावाच्या संशोधकाने कोल्हापूर, राधानगरी, पन्हाळा या भागातले डायटम गोळा करून हाताने त्यांच्या आकृत्या काढल्या. पन्हाळगडावरच्या डायटमवरचा त्यांचा लेख १९५९ साली 'हायड्रोबायोलॉजिया' या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला. पन्हाळ्याला आपण सगळेच जाऊन आलोय. सज्जाकोठी बघितली, झुणका-भाकर खाल्ली. तिथल्या पाण्यावर असा लेख आहे हे मला तरी माहीत नव्हतं. स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप बाजारात आला १९६५ मध्ये, म्हणजे हे सगळं त्याच्या आधीचं. पुढे गांधींनी कोल्हापूरहून नोंदवलेल्या गोम्फोनेमा गटातल्या डायटमची कार्तिक आणि कोसिओलेक या दोघांनी फेरतपासणी केली आणि ती २०१२ मध्ये छापली. आकृत्या आणि वर्णनं मागे होती म्हणून पन्नास वर्षांनी कोणी ती तपासू शकलं. या गटातल्या एका भारतीय प्रजातीला गांधींचंच नाव दिलेलं आहे, गोम्फोनेमा गांधीय.

आणि आमचा रिपोर्ट तीन महिन्यांनीही तपासता येत नव्हता!

माझं म्हणणं एवढंच, की हे नुसतं बॉटनीवाल्यांचं काम नाही. जर्मन तळ्यातल्या डायटमचं नाव आपल्या तळ्यातल्या डायटमला चिकटवलं की त्याचे गुणही चिकटतात. तिकडे तो स्वच्छ पाण्यात राहतो, म्हणून सॉफ्टवेअर इकडचंही पाणी स्वच्छ धरतं. उलटही होतं. म्हणजे 'मध्यम प्रदूषित' हे उत्तर आमच्या तळ्याचं नव्हतंच. ते तळं मेसच्या विहिरीपासून दोनशे पावलांवर आहे, हे विसरू नये. २०१३ मधल्या एका अंदाजानुसार जगात डायटमच्या निदान ३०,००० आणि बहुधा १ लाखाच्या आसपास प्रजाती असाव्यात. त्यातल्या बहुसंख्य अजून वर्णनाविना आहेत. अशा वेळी 'ओळखता आलं नाही' असं टेबलमध्ये लिहायला मार्क जाऊ नयेत, अशी मी स्टाफला नम्र विनंती करतो. आम्ही अठ्ठावीसपैकी अठ्ठावीस नावं लिहिली, कारण रिकामी जागा दिसली की मार्क कापतात हे पहिल्या सेमिस्टरपासून डोक्यात बसलंय. सरांना भेटून फाईलमधला आकडा काढून टाकायची लेखी विनंती आम्ही केली आहे. सर आधी चिडले, मग म्हणाले, "बघू". बघताहेत.

दरम्यान ताईबरोबर पुन्हा तळ्यावर जाऊन आलो. या वेळी तारीख, जागा, पाण्याचं तापमान, सगळं लिहून घेतलं. तिने नेलेल्या सँपलमध्ये एक करंडा आहे, त्याच्या रेघांचा हिशोब अजून कशाशीच जुळत नाही म्हणे. नवा असेलच असं नाही. "दीड-दोन वर्षं तरी लागतील, आणि शेवटी जुनाच निघाला तर तोंड पाडायचं नाही," असं तिने बजावलंय.

त्याच सँपलची दुसरी बाटली पर्यावरण लॅबच्या डावीकडच्या कपाटात, वरच्या फळीवर आहे. तपकिरी काचेची, वर कागदाचं लेबल. काका, आणि ज्युनियर मंडळी, आत नुसता गढूळ गाळ दिसेल. बेसिन जवळच आहे. पण कृपा करून ओतू नका.