चिलापीला शिव्या देऊन काय होणार?

परवा पहाटे भिगवणच्या मासळी बाजारात होतो. एका मच्छीमाराने चिलापीचा जबडा दाबला, तर तोंडातून मोहरीएवढी पिवळी अंडी बाहेर पडली. मी म्हटलं, काय खाल्लंय हिने? "खाल्लेलं न्हाई पत्रकार, तिचीच लेकरं हायती."

बरोबर होतं त्याचं. चिलापी म्हणजे आफ्रिकेतली मोझांबिक तिलापिया. नर तळाशी गोल खड्डा करतो. मादी त्यात अंडी घालते आणि लगेच तोंडात भरून घेते. मग दोनेक आठवडे ती जवळपास उपाशीच. पिल्लं पोहायला लागली तरी धोका दिसला की पुन्हा आईच्या तोंडात. बाप तोवर दुसऱ्या मादीच्या मागे. (कुणाला काही आठवलं तर दोष माझा नाही.)

१९५२ मध्ये स्वस्त मासा म्हणून ती भारतात आणली. काही वर्षांतच सरकारने तिचा प्रसार थांबवायला सांगितलं, पण तोवर ती सुटली होती. गंमत बघा, तिकडे झांबेझी-लिंपोपोत, स्वतःच्या घरी, ती आज धोक्यात आहे. बाहेरून आणून सोडलेली नाईल तिलापिया तिच्याशी संकर करून तिला संपवतेय.

आपल्याकडे सगळे म्हणतात, चिलापीने उजनी खाल्ली. अर्धंच खरं आहे हे. रोहू-कटल्याला अंडी घालायला पुराचं वाहतं पाणी लागतं, धरणाच्या साठलेल्या पाण्यात ते जमत नाही. म्हणून बाहेरून बीज आणून सोडावं लागतं, तेही आपल्याच पैशाने. आणि तेच बीज बोटभर व्हायच्या आत बारीक आसाच्या जाळ्यात जातं. चिलापीचीही पिल्लं त्यात सापडतात, पण ती काही महिन्यांची झाली की प्रजननाला तयार, वर्षातून अनेकदा. शिवाय लेकरं सगळ्यात नाजूक असतात तेव्हा आईच्या तोंडात. म्हणजे बारीक जाळ्याने मरतो तो रोहू-कटला. चिलापीला आपणच रान मोकळं करून देतो.

बीज सोडतानाचे फोटो आम्हीच छापतो. पुढाऱ्याच्या हातात पातेलं, मागे दहा जण. त्या बीजाचं पुढे काय झालं, हे मी वीस वर्षांत एकदाही विचारलं नाही. चूक माझी.

यंदा विचारणार आहे. किती बीज सोडलं, केवढं होतं, आणि बारीक जाळी किती पकडली? काठावरच्या मंडळींनी काही पाहिलं असेल तर इनबॉक्सला कळवा, नाव छापणार नाही.