गुरुजींच्या परीक्षेआधी
सेवेतील शिक्षकांना ‘टीईटी’ची, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेची, सक्ती होणार असेल, तर अभ्यासाला उसंत आणि मनाला आधार देणे ही सरकारचीच जबाबदारी आहे. १ सप्टेंबर २०२५च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पाच वर्षांहून अधिक सेवा उरलेल्यांना ती उत्तीर्ण होण्यासाठी दोन वर्षांची मुदत दिली. पात्रतेच्या आग्रहाशी आमचे भांडण नाही.

पण द्विशिक्षकी शाळेतल्या, पंचेचाळिशी ओलांडलेल्या गुरुजींचा दिवस पाहा. पोषण आहाराचा तांदूळ मोजायचा, एका खोलीत दोन इयत्ता सांभाळायच्या, मध्येच कुठलीशी माहिती पोर्टलवर ‘आजच्या आज’ भरायची. रेंज नसेल तर टेकडी गाठायची. रात्री बालमानसशास्त्राचे पुस्तक उघडावे, तोवर डोळा लागतो. बालकांच्या मनाचा अभ्यास सक्तीचा. शिक्षकाच्या मनाची विचारपूस मात्र कोणत्याच परिपत्रकात नाही! नोकरीच्या धास्तीतला शिक्षक कवितेला चाल लावत नाही, हजेरी उरकून फळ्याकडे वळतो. नुकसान पहिलीतल्या पोरांचे होते.

शिक्षकदिनाची गुलाबपुष्पे पुरेत. शिक्षण हक्क कायद्याने मान्य केलेली जनगणना, आपत्ती व निवडणुकीची कामे सोडून बाकी सारी अशैक्षणिक कामे मुदत संपेपर्यंत थांबवावीत, आणि तालुकानिहाय विनाशुल्क अभ्यासवर्ग व समुपदेशनाचे वेळापत्रक शिक्षण विभागाने तातडीने जाहीर करावे.