सुट्टीची सहल आणि सूर्यास्ताची वेळ

परीक्षा संपत आल्या की घराघरांतील मुलांची एक मागणी ठरलेली असते : या सुट्टीत आम्हाला 'इमॅजिका'ला न्या. एकेकाळी आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील मुलांची मोठी सहल म्हणजे शेगावचे आनंद सागर. सकाळी एस.टी.ने निघावे, तेथील चिमुकल्या आगगाडीत बसावे आणि दिवेलागणीला घरी परतावे. मुंबईला गोराई येथे १९८९ मध्ये एस्सेलवर्ल्ड सुरू झाले, तेव्हा मेहकरच्या मुलांनी त्याच्या जाहिराती दूरदर्शनवर पाहिल्या. प्रत्यक्ष जाण्याचा योग फार थोड्यांना आला. मेहकरला रेल्वे नाही. जालना किंवा अकोला गाठायचे, तेथून रात्रभराची गाडी, शिवाय मुंबईत उतरायचे कोणाकडे हा प्रश्न. त्या वेळची ती मुले आज चाळिशीत आहेत. त्यांच्या दारात मोटार उभी आहे, आणि आपल्याला जे मिळाले नाही ते आपल्या मुलांना मिळावे असे त्यांना मनापासून वाटते. आजी-आजोबांनी या इच्छेला नाक मुरडण्याचे काही कारण नाही. मुलांना आनंद हवा असतो आणि तो देण्याची ऐपत आली असेल, तर तो अवश्य द्यावा.

या ऐपतीत रस्त्याचाही वाटा मोठा आहे. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, आणि इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी. आता नागपूरपासून ठाणे जिल्ह्यातील आमणेपर्यंत ७०१ किलोमीटरचा सहापदरी मार्ग सलग झाला आहे आणि त्यावर चढण्या-उतरण्याची सोय मेहकरजवळही आहे. पूर्वी मुक्कामाचा वाटणारा प्रवास त्यामुळे आमच्या गावात 'जाऊन येऊ' या दोन शब्दांत बसू लागला. या दोन शब्दांविषयीच आज लिहायचे आहे.

शिर्डीबाबत हे शब्द बव्हंशी खरे आहेत. तेथे साईतीर्थ हे भक्तिविषयक उद्यान आहे, वेट अँड जॉय हे जलउद्यान आहे. मेहकरहून सकाळी निघालेले कुटुंब दिवसाउजेडी परत येऊ शकते. इमॅजिकाची गोष्ट मात्र वेगळी. एप्रिल २०१३ मध्ये सुरू झालेले हे उद्यान रायगड जिल्ह्यात, खोपोलीजवळ, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगत आहे. समृद्धीने आमण्यापर्यंत जाऊन पुढे पनवेलच्या बाजूने जा, नाही तर जालना, छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर, पुणे असे जा. एका बाजूचे अंतर साडेचारशे ते पाचशे किलोमीटर भरते. हे 'जाऊन येऊ'चे अंतर नव्हे.

तरीही हिशेब मांडला जातो. गेल्या दिवाळीच्या सुट्टीपूर्वी आमच्याही घरी तो मांडला गेला. मुलाचे म्हणणे असे : दिवसभर उद्यानात हिंडू, संध्याकाळी उद्यान बंद झाले की तसेच निघू. रात्री रस्ता मोकळा असतो. मुले दमून मागच्या आसनावर झोपी जातील, त्यांची भुणभुण राहणार नाही. खोलीचे एका रात्रीचे भाडे वाचेल आणि सकाळच्या चहाला आपण घरी असू. हा युक्तिवाद आपणही ऐकला असेल. त्यातील एकही वाक्य खोटे नाही. परंतु बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला एक गोष्ट ठाऊक असते : खतावणीतील प्रत्येक रक्कम बरोबर असूनही ताळा चुकू शकतो, कारण एखादी नोंद मुळात लिहायचीच राहिलेली असते. येथे राहिलेली नोंद चालकाची आहे. मुलांबरोबर तोही पहाटेपासून जागा आहे, उन्हात रांगांतून उभा राहिला आहे, चक्रांत आणि पाळण्यांत घुसळून निघाला आहे. मुले झोपणार हे आपण गृहीत धरतो. त्याची झोप मात्र कोणी हिशेबात घेत नाही.

समृद्धीसारख्या मार्गावर ही राहिलेली नोंद फार महाग पडते. जुन्या रस्त्यावर गाव येई, गतिरोधक येई, बैलगाडी आडवी येई. मनाविरुद्ध का होईना, चालक जागा राही. येथे तासन्‌तास सरळ काँक्रीट, समोर काहीच बदलत नाही आणि डोळे उघडे असतानाच मन पेंगते. १ जुलै २०२३ च्या रात्री दीडच्या सुमारास नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी बस आपल्याच जिल्ह्यात, सिंदखेड राजाजवळ पिंपळखुटा येथे उलटून पेटली आणि २५ प्रवाशांचा मृत्यू झाला. बसमधली माणसे आपापल्या कामाला, शिक्षणाला, घरी निघाली होती. घटका-दोन घटकांपूर्वी ती मेहकरच्या शिवारातूनच पुढे गेली होती. त्या सकाळी आमच्या गावात कोणी मोठ्याने बोलत नव्हते. रात्रीचा प्रवास ज्यांना टाळता येत नाही त्यांची गोष्ट निराळी. पण सहल ही तर आपण स्वतः ठरवलेली, आपल्या सोयीची गोष्ट. तिच्यासाठी रात्र वापरण्याची गरज काय?

आपल्या घरांत या प्रश्नाचे एक उत्तर पिढ्यान्‌पिढ्या तयार आहे. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपण्याचा नियम पुष्कळ कुटुंबे पाळतात. त्यामागचा विचार अहिंसेचा आहे. त्याला वाहतुकीच्या नियमाचा मुलामा देण्याचा माझा हेतू नाही. परंतु सहलीत त्याचा एक उपयोग मला स्पष्ट दिसतो. सूर्यास्तापूर्वी जेवायचे म्हटले की त्याच्या तासभर आधी गाडी थांबवावी लागते. गाडी थांबते तेथेच खोली घेतलेली असावी, म्हणजे जेवण झाल्यावर पुन्हा चाक फिरवण्याचा मोह होत नाही. घरातील तरुण मंडळी हा नियम एरवी पाळोत वा न पाळोत, सहलीच्या दिवसांत सर्वांनी तो घड्याळ म्हणून स्वीकारावा. नोव्हेंबरच्या आरंभी आपल्याकडे सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, मे महिन्यात पावणेसातनंतर. म्हणजे दिवाळीच्या सहलीला दिवस तासाभराने लहान असतो आणि बेतही तेवढाच लहान असायला हवा.

सूर्याकडे आणखी एका कारणासाठी पाहावे. मेहकरहून शिर्डीकडे, मुंबईकडे जाणारी वाट पश्चिमेची आहे. तिकडे सकाळी निघाल्यास ऊन पाठीशी राहते. दुपार टळल्यावर निघाल्यास तेच ऊन चालकाच्या डोळ्यांत शिरते. परतीची वाट पूर्वेची, म्हणून ती दुपारी धरलेली बरी. शिर्डीहून जेवण करून निघालेली गाडी सूर्य पाठीशी ठेवून, आरामात थांबत थांबत, उजेडी मेहकरला पोहोचते. एवढे लक्षात ठेवायला पैसा लागत नाही.

आमच्या घरी अखेर बेत ठरला तो चार दिवसांचा. पहिल्या दिवशी उजाडताच निघून दुपारी चारपर्यंत खोपोली. दुसरा पूर्ण दिवस उद्यानासाठी आणि रात्री तेथेच मुक्काम. तिसऱ्या दिवशी सावकाश निघून छत्रपती संभाजीनगर. चौथ्या दिवशी सकाळी वेरूळ आणि दुपारनंतर घर. वेरूळची ३० ते ३४ क्रमांकांची लेणी आपली आहेत. ३२ व्या लेण्यातील इंद्रसभा आणि तिच्या प्रांगणातील अखंड दगडाचा हत्ती मुलांना दाखवण्यासारखा आहे. मंगळवारी वेरूळ बंद असते, तेवढे पाहून वार धरावा. दोन जादा मुक्कामांचा खर्च मुलाला प्रथम अनाठायी वाटला. मी त्याला एवढेच म्हटले, की विम्याचा हप्ता आपण दरवर्षी भरतो आणि दावा करावा लागला नाही म्हणून हळहळत नाही. तो हसला आणि खोल्या नोंदवायला बसला.

वेगाचाही हिशेब करून पाहावा. समृद्धीवर मोटारीला सपाटीच्या भागात ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. मुभा म्हणजे सक्ती नव्हे. २०० किलोमीटरला १०० च्या वेगाने दोन तास लागतात आणि १२० च्या वेगाने १ तास ४० मिनिटे. वाचतात ती २० मिनिटे. मुलांच्या एका खाऊच्या थांब्याइतकी. त्या २० मिनिटांसाठी गाडीच्या अंगातील जोर ४४ टक्क्यांनी वाढतो, कारण तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असतो, आणि ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला लागणारे अंतरही त्याच प्रमाणात वाढते. १२० च्या वेगात गाडी एका सेकंदात ३३ मीटर पुढे जाते. मागे वळून 'भांडू नका रे' म्हणायला दोन सेकंद लागतात. तेवढ्यात ६६ मीटर रस्ता कोणी न पाहताच निघून गेलेला असतो. म्हणून मुलांकडे पाहण्याचे काम दुसऱ्या मोठ्या माणसाने करावे, चालकाने नव्हे.

मागच्या आसनावरील पट्ट्याविषयी आपल्या समाजात अजून उदासीनता आहे. लहान मूल पुढे आईच्या मांडीवर आणि मोठी मुले मागे मोकळी, हे दृश्य रोजचे आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचे अपघाती निधन झाले. गाडी उत्तम होती. ते मागे बसले होते आणि पट्टा लावलेला नव्हता. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याप्रमाणे १४ वर्षांखालील मुलाला पट्ट्याने किंवा त्याच्या वयाजोग्या सुरक्षा आसनात बांधणे ही जबाबदारी आहे आणि ती न पाळल्यास १००० रुपये दंड आहे. दंडाची रक्कम सोडा; पट्टे चार आणि माणसे सात असतील तर दुसरी गाडी करावी किंवा कोणीतरी घरी थांबावे. तसेच निघण्यापूर्वी चाके गार असताना त्यांतील हवा मोजून घ्यावी आणि झिजलेली चाके या मार्गावर नेऊच नयेत. गावातल्या गावात चालून जाणारे जुने चाक उन्हाने तापलेल्या काँक्रीटवर, वेगात, सामानासह दगा देऊ शकते.

मुलांसाठी दर दोन तासांनी थांबावे. परंतु महामार्गाच्या कडेला गाडी उभी करून चटई अंथरणे हा जिवाशी खेळ आहे. ठरवून दिलेल्या थांब्यावर किंवा मार्ग सोडून खाली गावातच थांबावे. सिंदखेड राजाला उतरले तर जिजाऊसाहेबांचे जन्मस्थान मुलांना दाखवता येते. आपल्या जिल्ह्यातील हे ठिकाण ताशी १२० च्या वेगाने टाळून पुढे जाण्यात काय मिळवले? शिदोरीसाठी दुधातल्या दशम्या, मेथीचे ठेपले, खाकरे, शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि गूळपापडी हे जुने सोबती आजही उत्तम. उकळून गार केलेले पाणी भरपूर घ्यावे. घाटात मळमळणाऱ्या मुलाला निघताना हलके खायला द्यावे आणि त्याच्या हातात मोबाईल देऊ नये. खिडकीबाहेर दूरवर पाहण्याने बरे वाटते. समृद्धीने गेल्यास इगतपुरीजवळचा सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा येतो. तो संपेपर्यंतचे दिवे मोजण्याचा खेळ मुलांना पुरतो.

उद्यानाविषयी थोडेच सांगतो. मोठ्या पाळण्यांवर बसण्यासाठी उंचीची अट असते. मुलाची उंची घरीच मोजून ठेवावी आणि त्याला कशात बसता येणार नाही हे निघण्यापूर्वीच सांगावे, म्हणजे दारात रडारड होत नाही. रक्तदाबाच्या, पाठीच्या, हृदयाच्या तक्रारी असणाऱ्यांनी मुलांच्या आग्रहाला बळी पडू नये. बहुतेक उद्यानांत बाहेरचे खाद्य नेऊ देत नाहीत, तेव्हा कांदा-लसूण व कंदमुळांविना जेवण मिळेल का, हे आधी दूरध्वनीवर विचारून घ्यावे. आणि प्रत्येक मुलाच्या खिशात आई-वडिलांच्या मोबाईल क्रमांकाची चिठ्ठी असावी.

आमची मुले परत येऊन काही महिने झाले. त्यांना विचारले तर ती अजूनही प्रथम 'नायट्रो'च्या उलट्यापालट्या फेऱ्यांविषयीच बोलतात, मग हॉटेलातील पलंगावर मारलेल्या उड्यांविषयी. वेरूळच्या हत्तीचा क्रमांक तिसरा लागतो. त्यात वाईट काही नाही. ती मुले आहेत आणि त्यांचा आनंद त्यांनी निवडायचा आहे. तो आनंद सांगायला ती सुखरूप घरी येतील, एवढे पाहणे हे मोठ्यांचे काम.

उन्हाळ्याची सुट्टी जवळ येत आहे. तिकिटे काढण्यापूर्वी भिंतीवरची दिनदर्शिका उघडावी. सूर्योदय आणि सूर्यास्ताच्या वेळा तिच्यात छापलेल्या असतात. सहलीच्या प्रत्येक दिवसापुढे त्या दिवसाची सूर्यास्ताची वेळ लिहावी, त्यातून एक तास वजा करावा आणि त्या वेळी गाडी कोणत्या गावात उभी असेल ते शेजारी लिहावे. त्या रकान्यात गावाचे नाव लिहिता आले नाही, तर बेत पुन्हा मांडावा.