मिरवणुकीच्या आधीचा खर्च

संक्रांतीचा तिळगूळ अजून डब्यात आहे, हळदीकुंकवाची वाणे घरोघरी पोचत आहेत आणि पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत धान घरात येऊन शंकरपटांचे म्हणजे बैलशर्यतींचे नि रात्रीच्या नाटकांचे दिवस ऐन भरात आले आहेत. उत्तरायणाच्या या पहिल्याच पावलावर १५ जानेवारी येतो. खाशाबा जाधवांचा हा जन्मदिवस आता आपण राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा करतो, आणि १९२६ साली कराडजवळच्या गोळेश्वरात जन्मलेल्या या मल्लाची यंदा जन्मशताब्दी आहे.

हेलसिंकीत १९५२ साली त्यांनी स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिले. तेव्हा आपला चांदा (आताचा चंद्रपूर) जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि गडचिरोली वेगळा जिल्हा व्हायला अजून तीस वर्षे होती. कागदोपत्री खाशाबा आपल्या राज्याचेसुद्धा नव्हते. त्यांच्यावरचा आपला हक्क तसा नंतरचाच.

पण आज मन रेंगाळते ते त्या कांस्यपदकापाशी नव्हे, चार वर्षे आधीच्या लंडनपाशी. तांबड्या मातीत घडलेला हा पैलवान तिथे गादीवरच्या अनोळखी कुस्तीला आणि परक्या नियमांना सामोरा गेला; रीस गार्डनर या अमेरिकी मल्लाने त्याला तिथे धडे दिले, आणि तो सहावा आला. हेलसिंकीला जाताना पैशांची अडचण उभी राहिली, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. पदक घेऊन परतल्यावर बैलगाड्यांची मोठी मिरवणूक निघाली. मिरवणूक सगळ्यांची होती, गहाणखत मात्र एकाचेच होते. पुढचे वैयक्तिक पदक यायला १९९६ साल उजाडले, यात मग नवल ते काय!

हेलसिंकीच्या पुढच्याच वर्षी हिलरी आणि तेनझिंग एव्हरेस्टवर पोचले. त्याच शिखरावर मे २०१८ मध्ये आपल्या चंद्रपूरच्या आश्रमशाळांतली मुले उभी राहिली: मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास काटमोडे, विकास सोयाम. त्यांच्यासाठी कुणाला घर गहाण टाकावे लागले नाही. आदिवासी विकास विभागाच्या ‘मिशन शौर्य’मुळे सराव आणि पैसा दोन्ही चढाईच्या आधी आले. रानातल्या पोरांची काटक अंगकाठी आपण कौतुकाने सांगतो खरी, पण नुसत्या काटकपणावर हिमालय चढता आला असता, तर आपल्या आजोबा-पणजोबांनीच तो चढला असता.

बल्लारपूरजवळ विसापूरला आज मोठे क्रीडासंकुल आहे, हे चांगलेच झाले. पण गडचिरोलीतल्या भामरागड, एटापल्ली, सिरोंचा यांच्यापासून ते फार लांब. तिथली एखादी मुलगी गावच्या मातीत कबड्डी गाजवून थेट वरच्या स्पर्धेत पहिल्यांदा मॅटवर उतरली, तर तिच्या वाट्याला खाशाबांचे लंडनच येणार; आणि दुसरी संधी मिळण्याआधी तिची शाळा सुटलेली असेल.

शंकरपट आणि कबड्डीचे सामने भरवणारी आपली गावोगावची मंडळे बक्षिसांसाठी वर्गणी काढतातच. यंदा त्या वर्गणीतून एक वाटा बाजूला ठेवावा: तालुक्याच्या संघाच्या प्रवासासाठी, बुटांसाठी, स्पर्धेआधी आठ दिवस मॅटवर सराव करता यावा यासाठी. पहिल्या बक्षिसाची रक्कम थोडी कमी झाली, तर जिंकणाऱ्या संघाने कुरकुर करू नये. वरच्या स्पर्धेला जाणारी मुले बहुधा त्यांच्यातलीच असतील.