मातीची उपासमार आणि ‘मानवा’वरचा ठपका

मातीतील जीवसृष्टीच्या ऱ्हासाची चर्चा निघाली की ‘मानवी हस्तक्षेप’ हा शब्दप्रयोग हटकून पुढे येतो. शब्द मोठा सोयीचा आहे. खतकारखान्याचा मालक, आयात-निर्यातीचे धोरण ठरविणारा मंत्री आणि देवळी तालुक्यातील तीन एकरांचा कोरडवाहू शेतकरी हे सारे त्यात एकाच ओळीत उभे केले जातात. दोष सर्वांचा, म्हणजे कोणाचाच नाही; उपदेशाची काठी मात्र शेवटच्याच पाठीवर पडते. वर्धा जिल्ह्याच्या काळ्या जमिनीत आज जी उपासमार चालू आहे, तिचा हिशेब या शब्दाआड दडविला जात आहे.

मातीतील प्राण्यांत अन्नाची वाटणी ठरलेली असते. कुजका पाला कुरतडणारे वाणी, बुरशीवर चरणारे स्प्रिंगटेल आणि सूक्ष्म कोळी, शेण पुरणारे शेणकिडे, काडीकचरा पचविणारी वाळवी, माती गिळून तिच्यातले सेंद्रिय द्रव्य शोषणारी गांडुळे आणि इतरांची शिकार करणाऱ्या गोमा, अशी प्रत्येकाची पंगत वेगळी. म्हणूनच एका वावरात असंख्य जाती नांदू शकतात. कोण कोणत्या पंगतीला बसतो, हे त्याच्या शरीरातील जड नायट्रोजनच्या प्रमाणावरून ताडता येते. अन्नसाखळीत एकेक पायरी वर जावे तसे हे प्रमाण वाढते. इंडोनेशियातील सुमात्रा बेटावर, जांबी प्रांतात, वर्षावन तोडून रबर आणि पामतेलाचे मळे उठविले गेले. तेथील मातीच्या अभ्यासातून दिसले ते असे, की मळ्यांत अन्नाचा मोठा वाटा एकट्या गांडुळांकडे गेला आणि भक्षकांचा हिस्सा घटला. गांडुळे दिसली म्हणजे माती सुदृढ, हे समीकरण तेथे खोटे ठरले. मक्तेदारी जमिनीखालीही येते. तीही वरच्या मक्तेदारीच्या मागोमाग.

वर्ध्यात पामचे मळे नाहीत. येथे ताटे एकेक करून उचलली गेली. पूर्वी कपाशीत तुरीच्या ओळी असत, फेरपालटीला ज्वारी असे, मूग-उडीद असत. ज्वारी आतबट्ट्याची ठरली तसा कडबा संपला, कडब्याविना गुरे पोसवेनात आणि शेणखताच्या गाड्या वावरात यायच्या थांबल्या. सोयाबीन पसरले. 2002 मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. पुढे परवानगी नसलेले ‘चोरबीटी’ आले आणि त्याच्यासोबत तणनाशकाचा फवारा. तणाबरोबर नाना प्रकारच्या मुळांचा आहारही गेला. उरलेली पऱ्हाटी चुलीत जाते किंवा धुऱ्यावर जळते. 2017 च्या गुलाबी बोंडअळीने पोळलेला शेतकरी ती जाळतो, तेव्हा त्याला अडाणी म्हणणे हा अडाणीपणा आहे.

याचे फळ डोळ्यांदेखत आहे. वाणी हा मुळात कुजका पाला खाणारा, रानाची झाडलोट करणारा प्राणी. अलीकडे कपाशीची आणि सोयाबीनची कोवळी रोपे कुरतडणारी कीड म्हणून विदर्भात त्याची तक्रार ऐकू येते. ज्याचे ताट रिकामे केले, त्याने कोवळ्या रोपाला तोंड लावले तर नवल कोणते? त्यावर आपल्याकडे उपाय सुचतो तो आणखी एका विषाचा.

शासन काय करते? 2015 पासून शेतकऱ्याला जमीन आरोग्य पत्रिका मिळू लागली. तिच्यात बारा घटकांची नोंद असते. नत्र, स्फुरद, पालाशपासून बोरॉनपर्यंत. त्या बारांत एकही जिवंत प्राणी नाही. ज्या ‘आरोग्या’त जीवच मोजला जात नाही, ते आरोग्य कोणाचे? 2022-23 या एका वर्षात केंद्राने रासायनिक खतांच्या अनुदानावर दोन लाख कोटी रुपयांहून अधिक खर्च केला. शेणखत आणि कुटार जमिनीला परत करणाऱ्याच्या वाट्याला मात्र तुकड्यातुकड्यांच्या योजना आणि गांडूळखताचे बेड. बेडमधील आयसेनिया फेटिडा हे गांडूळ विदेशी आणि शेणाच्या ढिगात राहणारे. उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या काळ्या रानात ते तग धरत नाही. त्याचे खत जरूर वापरावे. परंतु मोडलेल्या सगळ्या पंगती त्याने पुन्हा मांडल्या, असा देखावा करू नये.

आणि जो दुसऱ्याची जमीन एका हंगामापुरती ठेक्याने कसतो, त्याने पाच वर्षांनंतरच्या मातीची काळजी कोणत्या आशेवर वाहावी? पुढच्या मृगात ते वावर त्याच्याकडे असेलच याची हमी कोणी दिली आहे?

याच वर्धा शहरातील मगनवाडीत 1934 मध्ये स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाचे काम जे. सी. कुमारप्पा यांनी उभे केले. 1945 साली त्यांनी चिरस्थायी अर्थव्यवस्थेचा विचार ग्रंथरूपाने मांडला आणि काही न देता केवळ घेणाऱ्या व्यवस्थेला लुटारू ठरविले. आज त्यांच्या नावाने व्याख्याने होतात. व्यवस्था मात्र लुटारूच राहते.

म्हणून कार्यकर्त्यांनी नैसर्गिक शेतीची प्रवचने बाजूला ठेवून नेमक्या मागण्या घेऊन उभे राहावे. ज्वारी आणि तूर यांची हमीभावाने खात्रीची खरेदी व्हावी. पऱ्हाटी बारीक करून कुजविण्यासाठी यंत्रे ग्रामपंचायतीच्या ताब्यात असावीत आणि ती लहान शेतकऱ्याला विनामूल्य मिळावीत. सेंद्रिय द्रव्य जमिनीला परत करणाऱ्याला, मग तो ठेकेदार कास्तकार का असेना, एकरी मोबदला मिळावा. आरोग्य पत्रिकेत मातीतील प्राण्यांची मोजणी यावी. ती येईपर्यंत येत्या पावसाळ्यात गावोगाव फूटभर खड्डे खणून शेतकऱ्यांसह आपणच मोजणी करावी. एका वावरात काय सापडले आणि शेजारच्या धुऱ्यावरील झाडाखाली काय सापडले, हे ग्रामसभेत मांडावे.

मातीची ताटे शेतकऱ्याने उचललेली नाहीत. ती ज्यांनी उचलली, त्यांच्याकडूनच परत मागायची आहेत.